बारक्याची शिट्टी

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानात गिऱ्हाइकासमोर वाचू नकोस, हसू आवरणार नाही. तुझा भाऊ काल पंच म्हणून पहिल्यांदा मैदानात उतरला आणि पहिल्याच डावात त्याने दोन्ही संघांना दूध उतू चालल्याची वर्दी दिली.

झालं असं, की एका खेळाडूच्या हातून बॉल पुढे निसटला. रग्बीत हा गुन्हा. शिट्टी मारायची आणि हाताने ठरलेली खूण करून दाखवायची, म्हणजे सगळ्यांना कळतं काय चुकलं ते. शिट्टी मी झकास मारली. पण खुणेच्या वेळी पुस्तकातलं सगळं डोक्यातून उडालं, हात आपोआप वर गेले आणि बोटं वळवळायला लागली. आपल्या घरची खूण! लहानपणी तापात तुझे कान अधू झाल्यापासून आपण दोघांनी जी हातांची भाषा तयार केली, तिच्यापुढे पंचांच्या पुस्तकाची काय टाप? मैदानभर धिप्पाड माणसं माझ्याकडे बघत उभी. एकाने तर मान वर करून आभाळ पाहिलं. मी खोकलो, हात खाली घेतले आणि बरोबर खूण केली. नंतर म्हातारे निरीक्षक जवळ आले आणि ती पहिली खूण कुठल्या नियमात बसते असं शांतपणे विचारून गेले.

हे निरीक्षक म्हणजे माझ्या परीक्षेचे मास्तर. हा हंगाम मी उमेदवार आहे. हंगाम संपला की मला कायमच्या यादीत घ्यायचं की शिट्टी काढून घ्यायची ते तेच ठरवणार. माझ्या वयाला पुन्हा उमेदवारी देत नाहीत. तेव्हा हसण्यावारी नेतोय, पण आतून धाकधूक आहे. तुला माहीतच आहे, मान गेल्यापासून शनिवारची दुपार मला खायला उठायची. बारा वर्षं पगार घेऊन मी एकच काम केलं, स्क्रममध्ये, म्हणजे आठ विरुद्ध आठच्या त्या रेटारेटीत, पहिल्या ओळीत डोकं घालायचं आणि समोरच्या आठ जणांना मागे रेटायचं. त्या स्क्रमनेच मान घेतली. त्यानंतर घरात सोफा सरकवण्यापलीकडे माझा कुणाला उपयोग नव्हता.

पंचांच्या वर्गाला आमचा जुना कप्तान मला ओढत घेऊन गेला. मी नाही म्हणत होतो, तर दारात गाडी लावून हॉर्न वाजवत बसला. हॉस्पिटलात मी लाकडासारखा पडलेलो असताना मला चमच्याने भरवणारा, डोकं धुऊन देणारा तोच. त्याचे उपकार मोजायला बसलो तर ह्या जन्मात उठणार नाही. काल मैदानात धावताना पाय दुखत होते, दम लागत होता आणि मी मनातल्या मनात त्याला धन्यवाद देत होतो.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो चालू ठेव. धावायचं मी बघतो.

तुझा,
बारक्या


१३ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात गिऱ्हाइकासमोरच वाचलं. एक आजीबाई वाचायच्या चष्म्याचा नंबर तपासत होत्या. मी एवढी हसले की त्यांना वाटलं त्यांनीच अक्षर चुकीचं वाचलं. मग त्यांनाही सगळं सांगितलं. एवढा आडदांड माणूस आणि घरात त्याला बारक्या म्हणतात हे त्यांना दूध उतू जाण्यापेक्षा जास्त आवडलं.

हे म्हणतात की प्रेक्षक पंचाला सारखे चष्मा घे, चष्मा घे म्हणून ओरडतात. तेव्हा तू आमचं नाव तेवढं सांगत जा, धंदा वाढेल. काचा घासायच्या मशीनवर सध्या काम भरपूर आहे. परवा एका घाईच्या गिऱ्हाइकाच्या दोन्ही काचा ह्यांनी उलटसुलट बसवल्या. तो जिना उतरायला घाबरला म्हणून परत आला, नाहीतर तसाच हिंडला असता.

आता चेष्टा पुरे. बारक्या, मला काळजी वाटते. तुला डावीकडे मान वळवता येत नाही. कुणी हाक मारली तर तू अख्खा वळतोस, कपाट फिरवल्यासारखा. तिथे ती रेड्यासारखी माणसं डावीकडून येऊन आदळली तर? तू आनंदात आहेस हे तुझ्या अक्षरावरून दिसतंय आणि त्या आनंदात मला मिठाचा खडा टाकायचा नाही. पण डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सांगायला नको म्हणून मीच सांगते, अंतर ठेवून उभा राहत जा. हॉस्पिटलात तुझ्या पायाचा अंगठा हलतोय का हे बघत मी जे दिवस काढले, ते परत नकोत.

कप्तानला माझा निरोप दे, कधी इकडे आला तर जेवल्याशिवाय जायचं नाही. तुझ्या सगळ्या मित्रांचे ओठ वाचले मी, पण ह्याच्या मिशांमुळे ह्याचं निम्मं बोलणं मला कळत नाही. तरी माणूस कळतो.

पत्र लवकर टाक. माया पातळ होऊ देऊ नकोस, माझी तर आटवलेली आहे.

तुझी,
ताई


२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कपाटाची काळजी मिटवतो. मी आता अशी सवय लावून घेतली आहे की मैदानात कायम अशा बाजूला उभं राहायचं, जिथून बघायचं ते सगळं उजवीकडे येईल. त्यासाठी इतरांपेक्षा जास्त पळावं लागतं. निरीक्षकांना आधी वाटलं मी उगाच प्रदक्षिणा घालतोय. कारण सांगितल्यावर ते पुढच्या सामन्याला माझ्यासाठी पाण्याची जास्तीची बाटली घेऊन आले.

पण त्यांची एक तक्रार कायम आहे. मी सगळ्यांशी फार गोड वागतो. कुणाला दंड दिला की लगेच समजूत काढायला जातो, एकाला तर कार्ड दाखवताना त्याच्या आईची तब्येत विचारली. निरीक्षक म्हणाले, तुम्हाला अजून खेळाडूंमध्येच बसायचंय. त्यांचं खरं आहे. सामना संपल्यावर तीस माणसं एका खोलीत खिदळत असतात आणि पंच शेजारच्या खोलीत एकटाच बुटाची नाडी सोडतो. ती खोली म्हणजे आपल्या मोरीएवढी. अजून मला तिथे करमत नाही.

आता मुख्य बातमी. दुसऱ्या फळीच्या संघांची फायनल मला मिळाली आहे! ठरलेले पंच आजारी पडले. एक संघ आपल्या जुन्या क्लबाचा, म्हणजे कप्तान ज्यांचा कोच आहे तो. मी नको म्हणालो. पण पंच कमी, आणि दोन्ही क्लबांना विचारलं तर दोघांनीही हरकत नाही म्हणून कळवलं. समोरचे तर म्हणाले म्हणे, की जुन्या घरावर तो जास्तच कडक होईल. कप्तानचा धाकटा भाऊ, आपला लंबू, तोही खेळतोय, मागच्या ओळीत. निरीक्षक माझा निकाल ह्याच सामन्यावर देणार आहेत.

तुझी आणि भावोजींची तिकिटं सोबत आहेत. याच. मला वरच्या बाकांवर तुम्ही दिसणार नाही, पण आहात एवढं पुरे.

आशीर्वाद आगाऊ पाठव, लोभ नेहमीचाच असू दे.

तुझा,
बारक्या


१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तुम्ही बस गाठायला निघून गेलात ते बरंच झालं. नंतर मी कुणाशी बोलायच्या लायकीचा नव्हतो. वरून तुला नुसता गोंधळ दिसला असेल, म्हणून सगळं लिहितो.

सामना संपत आला होता. आपला क्लब तीन गुणांनी मागे, पण समोरच्यांच्या रेषेच्या अगदी जवळ, आणि स्क्रम आपल्यांचा. आपला स्क्रम दिवसभर समोरच्याला लोण्यासारखा कापत होता. एक रेटा आणि ट्रॉफी. त्याच वेळी आपल्या पहिल्या ओळीतल्या एकाचा गुडघा गेला. त्याच्या जागी यायचा तो आधीच डोकं फुटून बाहेर बसलेला. पहिल्या ओळीत तयार नसलेला माणूस घालता येत नाही, कारण सगळ्या सोळा जणांचा भार तिथल्या मानांवर येतो. तयार माणूस नसेल तर पंचाने बिनरेट्याचा स्क्रम लावायचा. नुसतं एकमेकांना टेकायचं, ढकलायचं नाही. म्हणजे कप्तानचं सगळं बळच जाणार.

कप्तानने लंबूला पुढे आणलं. मी विचारलं, हा पहिल्या ओळीत तयार आहे का. कप्तानने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, आहे, माझा शब्द आहे.

ताई, त्याच्या शब्दावर मी विहिरीत उडी मारली असती. मी मान डोलावली. दोन्हीकडचे वाकले. आणि मी लंबूकडे पाहिलं. सरावलेला गडी हनुवटी वर ठेवतो, समोर बघतो, पाठ टेबलासारखी सपाट धरतो. लंबूने हनुवटी छातीला लावली होती आणि जमिनीकडे बघत होता. पाठीची कमान झालेली. हात समोरच्याच्या पाठीऐवजी बाहीला लोंबकळत होता. रेटा आला असता तर सगळा भार त्या वाकलेल्या मानेवर. मी शिट्टी मारली. जवळ जाऊन लंबूला हळूच विचारलं, इथे कधी उभा राहिलायस का. त्याने आधी बाहेर भावाकडे पाहिलं आणि मग हो म्हणाला.

त्याने भावाकडे पाहिलं नसतं तरी मी तेच केलं असतं. बिनरेट्याचा स्क्रम लावला. बॉल बाहेर आला, आपल्यांच्या हातून निसटला, वेळ संपली. हरले.

कप्तानने हात मिळवला नाही. जाताना एवढंच म्हणाला, की मी खाल्ल्या घरचे वासे मोजले. त्या मोरीएवढ्या खोलीत जाऊन बसलो आणि नाडीची गाठच सुटेना. निरीक्षक दारात आले, कळवू म्हणाले आणि गेले.

मला पश्चात्ताप नाही. पण ज्याने मला भरवलं त्याला मी सगळ्या गावासमोर खोटं पाडलं, हेही खरंच. रागवलास तर रागव, पण तुझे उपकार मी विसरलेलो नाही, असं त्याला सांगायचं होतं. कुठल्या तोंडाने सांगू?

ह्या वेळी जरा जास्तच लोभ असू दे.

तुझा,
बारक्या


२३ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,
स. न. वि. वि.

तुझी ताई मशीनवर आहे, म्हणून आज लेखणी माझ्या हातात. ती उद्या लिहील, पण तोवर तू स्वतःला खात बसशील म्हणून घाई केली.

आम्ही बसलो होतो नेमके तुझ्या जुन्या क्लबाच्या लोकांत. मी मोठ्या हौसेने त्यांच्या रंगाचा मफलर घालून आलो होतो. तू शिट्टी मारल्यावर आजूबाजूला जे शब्द ऐकले, ते मी लग्नाच्या आधीही कधी वापरले नव्हते. तुझ्या ताईने विचारलं, लोक काय म्हणतायत. मी म्हणालो, तुझ्या भावाचं कौतुक चाललंय. ती म्हणाली, मी बहिरी आहे, आंधळी नाही, आणि पुढच्या बाकावरच्या माणसाचे ओठ वाचून तिने त्याच्या खांद्यावर छत्रीने टकटक केलं. त्याला तिने काय सुनावलं ते लिहीत नाही. नंतर त्याने आम्हाला उठून वाट करून दिली एवढं सांगतो.

खेळातलं मला कळत नाही. पण दुकानात रोज माणसं येतात, मैत्रीतली, नात्यातली, आणि म्हणतात नंबर आहे तेवढाच ठेवा, वाढवू नका. मला वाईट वाटतं, तरी जो आहे तोच लिहितो. माणूस रुसतो. पण नंतर त्याला पायरी दिसते. तू त्या दिवशी तेच केलंस. तुझा मेहुणा म्हणून मिरवायला मला कधी नव्हे एवढं आवडतंय.

जेवण टाळू नकोस. आमच्यावरचा लोभ कमी करायचं काही कारण दिसत नाही, तेव्हा करू नये.

तुझा,
भावोजी


३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निरीक्षकांचं पत्र आलं. मला कायमच्या यादीत घेतलं. स्क्रमचा निर्णय बरोबर होता असं त्यांनी लिहिलंय आणि खाली आपल्या हाताने जोडलंय, की हातवारे अजून घरगुती वाटतात, सुधारणा व्हावी.

पत्र वाचून मी खुर्चीवर बसून राहिलो. एवढं हवं होतं ते मिळालं आणि पहिला फोन कप्तानला करायला हात गेला, तो परत आला. मी त्याला दोनदा निरोप ठेवला होता, उत्तर नाही. तरी ताई, मी रडगाणं गाणार नाही. तू, भावोजी, ते म्हातारे निरीक्षक, आणि हो, कप्तानसुद्धा, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला पुन्हा शनिवारच्या दुपारी घराबाहेर काढलं. दोन वर्षांमागे मी अंगठा हलवू शकत नव्हतो. आज मला पगार मिळतो तो पळण्याचा. ह्याहून जास्त मागितलं तर मीच कृतघ्न ठरेन. फक्त एक माणूस कमी झाला, तो रोज आठवतो.

भावोजींचं पत्र मी जपून ठेवलंय. छत्रीचं खरं आहे का ते कळव. असाच लोभ पुरवत राहा.

तुझा,
बारक्या


१० नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

छत्रीचं खरं आहे. आता नीट बसून वाच.

काल दुपारी कप्तान दुकानात आला, लंबूला घेऊन. म्हणे लंबूचा चष्मा जुना झालाय, नवा करायचाय. एवढ्या लांब, त्यांच्या गल्लीत दोन चष्मेवाले सोडून! लंबूला ह्यांच्याकडे नंबर तपासायला पाठवलं आणि कप्तानला माझ्या मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं. बराच वेळ तो काचांच्या डब्या न्याहाळत होता. मग बोलायला लागला, आणि त्या मिशांमुळे मला अर्धंच कळलं. मी त्याला सरळ सांगितलं, हाताने मिशा वर धरून बोल. त्याने धरल्या, खरंच. एरवी मी हसून लोळले असते.

त्याने सांगितलं ते असं. फायनलनंतर तो तुझ्या नावाने घरात आदळआपट करत होता. त्यांच्या आईने लंबूला विचारलं, की त्या पंचाने तुला का थांबवलं, तू असा कसा उभा होतास, करून दाखव. लंबूने स्वयंपाकघरात फ्रीजला खांदा लावून दाखवलं. हनुवटी छातीला, पाठीची कमान. कप्तान म्हणाला, ताई, त्या दिवशी बारक्या स्क्रममध्ये अडकला तेव्हा मी त्याच्या मागेच होतो, त्याची मान अशीच होती. एवढं म्हणून त्याच्या हातून मिशा सुटल्या, आणि पुढचं मला वाचता आलं नाही. वाचायची गरजही नव्हती. त्याला हुंदका आवरत नव्हता. ट्रॉफीच्या नादात आपल्याच भावाला आपण तिथे उभं केलं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

सावरल्यावर त्याने दोन्ही हात जोडले. मी त्याचे हात खाली केले. म्हटलं, माझ्या भावाला भरवलंस तू, तुझ्यापुढे हात मी जोडायचे. तो म्हणाला, आता फिटलं. मी म्हटलं, अशा गोष्टी फिटत नसतात, फेडायच्याही नसतात, जेवायला चल. जेवला. निरोप ठेवलेस ते त्याने ऐकले आहेत, पण तुझ्याशी फोनवर बोलायचा त्याला धीर होत नाही. ह्या शनिवारी तुझा सामना बघायला येणार आहे. नंतर त्या मोरीएवढ्या खोलीचं दार वाजलं तर उघड. आणि तुला कायम केल्याचं मी त्याला सांगितलं, तेव्हा तो दुकानभर ऐकू जाईल असा ओरडला म्हणे. मला दिसलं ते पुरेसं होतं.

आईबाबा असते तर आज काय म्हणाले असते, हे लिहायला घेतलं तर कागद ओला होईल. आम्हा दोघांचा लोभ तुझ्यामागे आहे. तू फक्त पुढे बघून पळ.

तुझी,
ताई

ता. क. लंबूची गंमत सांगायचीच राहिली. केवढा नखरेल आहे तो! फ्रेम घालायची आणि आरशासमोर मान डावीकडे वळवून बघायचं, मग उजवीकडे, मग खाली, मग परत डावीकडे. पहिलीच फ्रेम त्याला आवडली होती आणि शोभतही होती. तरी मी उगाचच त्याला आणखी काढून देत राहिले, त्याची मान फिरताना बघत, कपाट रिकामं होईपर्यंत.